वाचक विचारतात: शीत दाबलं, पण खड्याचं काय?

मागच्या अंकात चिप बाजारात जायच्या आधी कशी तपासतात यावर अर्धं पान लिहिलं होतं आणि शेवटी घाईघाईत 'फॉर्मल व्हेरिफिकेशन' (म्हणजे चिप किंवा प्रोग्राम बरोबर आहे हे नुसत्या टेस्ट घेऊन नाही, तर गणिताने सिद्ध करणं) असा शब्द टाकून मोकळी झाले होते. त्यावर एवढे मेल आले की संपादक म्हणाले, तुम्हीच घोळ घातलाय तर आता तुम्हीच निस्तरा. सगळी पत्रं काही घेता येत नाहीत, काही निवडलीत. नावं छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, मी कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही प्रोजेक्टसाठी ४०० टेस्ट केस लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. तरी आमचे सर म्हणतात यातून प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. मग काय जन्मभर टेस्टच लिहीत बसायचं का? आई तर म्हणते शितावरून भाताची परीक्षा होते.

आईचं बरोबर आहे पण ते भातापुरतं. सगळा भात एकाच भांड्यात एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून एक शीत दाबलं की बाकीच्यांचं कळतं. पण भातात खडा आहे का ते शीत दाबून कळत नाही, तो ज्याच्या दाताखाली येतो त्यालाच कळतो, आणि प्रोग्राममधल्या ज्या चुका खरंच महागात पडतात त्या सगळ्या खड्याच्या जातीच्या असतात. तुझे सर जे म्हणतात ते डायक्स्ट्रा नावाचे थोर संगणकतज्ज्ञ फार पूर्वी सांगून गेलेत, की टेस्टिंगने चूक आहे एवढं दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही.

बरं, सगळंच तपासून टाकू म्हणशील तर हिशोब कर. दोन ३२ बिटी संख्यांचा, म्हणजे ० आणि १ च्या ३२ घरांत मावणाऱ्या संख्यांचा, भागाकार करणारं एक सर्किट घे. संख्यांच्या जोड्या किती होतील, २ चा ६४वा घात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासणारं मशीन लावलंस तरी साधारण ५८४ वर्षं लागतात, म्हणजे बहमनी राज्यात सुरू केलं असतंस तर आत्ता कुठे उरकत आलं असतं. आणि आजचे प्रोसेसर ६४ बिटी आहेत, तो हिशोब तर मांडूच नको.

खड्याची गोष्ट सांगते, आमच्या धंद्यात ही सगळ्यांना पाठ असते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, जोड मूळ संख्यांवर काम करायचे, म्हणजे ११ आणि १३ सारख्या दोनचा फरक असलेल्या मूळ संख्या. त्यांच्या व्यस्तांची बेरीज करत असताना १९९४ मधे उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग बाकी सगळं, आणि शेवटी लक्षात आलं की इंटेलचा नवा कोरा पेंटियम प्रोसेसरच भागाकार चुकतोय. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२० असं काहीतरी यायला हवं, तो द्यायचा १.३३३७३९. चौथ्या दशांशालाच गडबड! इंटेलचं म्हणणं होतं की स्प्रेडशीट वापरणाऱ्या साध्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, आयबीएमने आपला हिशोब करून सांगितलं की २४ दिवसांतून एकदा भेटेल. इतकी ओरड झाली की डिसेंबरमधे इंटेलला मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल करावं लागलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च खात्यात दाखवावा लागला.

चूक काय होती ते बघ, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळेल. शाळेत १६१ ला २३ ने भागताना आपण अंदाज करायचो, आठ वेळा जाईल का, १८४ झाले, जास्त झालं, खोडा, सात वेळा. पेंटियमही अंदाजच करायचा, पण तो अंदाज एका तक्त्यात बघून करायचा. तक्त्यात २०४८ घरं, त्यातली १०६६ भरलेली हवी होती, पण तक्ता चिपवर उतरवताना पाच घरं रिकामी राहिली. जिथे २ मिळायला हवा तिथे ० मिळायचा. या पद्धतीत अंदाज थोडा चुकला तर पुढच्या पायरीला उणे आकडा घेऊन सावरून घेता येतं, पण या पाच घरांत चूक एवढी मोठी की बाकी हाताबाहेर जायची आणि परत यायचीच नाही. त्यात गंमत अशी की त्या पाच घरांपर्यंत पोचणाऱ्या जोड्याच फार थोड्या, त्यामुळे टेस्टिंगमधे कोणाच्या दाताखाली आल्याच नाहीत.

आता यात सिद्ध काय करायचं? दोन विषम संख्यांची बेरीज सम येते हे तू किती बेरजा करून शिकलास? एकही नाही. प्रत्येक विषम संख्येत एक एक्स्ट्रा असतो, दोन एक्स्ट्रा एकत्र आले की जोडी जमते, संपलं, सगळ्या संख्यांसाठी एकदम झालं. भागाकाराचंही तसंच करता येतं. एक वाक्य पकडायचं: प्रत्येक पायरीनंतर उरलेली बाकी भाजकाच्या दोन तृतीयांशांच्या आत असते, अधिक असो वा उणे. सुरुवातीला हे खरं आहे ना? मग एका पायरीआधी खरं असेल तर तक्त्यातल्या प्रत्येक घरासाठी पायरीनंतरही खरं राहतं ना? एवढंच बघायचं. असं न ढळणारं वाक्य असतं त्याला आमच्याकडे इन्व्हेरियंट म्हणतात. म्हणजे ५८४ वर्षांचं काम २०४८ घरांवर आलं, आणि ती पाच घरं तिथल्या तिथे पकडली जातात. १९९६ च्या सुमाराला दोनतीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी अशा भागाकाराच्या सर्किटचा पुरावा मशीनकडून तपासून घेऊन दाखवला. तोपर्यंत चिप कंपन्यांनाही अक्कल आलेली होती, पैसे भरून.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टला सल्ला एवढाच, ४०१वी टेस्ट लिहायच्या आधी तुझ्या मुख्य लूपबद्दल एक वाक्य लिहून बघ जे प्रत्येक फेरीनंतर खरं असायलाच हवं. लिहिता आलं नाही तर समज की तो लूप तुलाच नीट कळलेला नाहीये. माझं हे कित्येकदा झालंय.

मी अमरावतीचा, गणिताचा निवृत्त शिक्षक. तुम्ही म्हणता सॉफ्टवेअरच दुसऱ्या सॉफ्टवेअरची सिद्धता तपासतं. पण कुंपणानेच शेत खाल्लं तर? शिवाय कुठलाही प्रोग्राम घाला आणि बरोबर की चूक सांगा असं एकच यंत्र का बनवून टाकत नाहीत?

सर, दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण ते छोटं आहे. अॅलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९३६ मधेच दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधीतरी थांबेल की फिरतच राहील एवढं साधं सुद्धा सगळ्या प्रोग्रामसाठी अचूक सांगणारी एक पद्धत असू शकत नाही. त्यामुळे आमची टूल्स तीन उत्तरं देतात, हो, नाही, आणि रात्रभर चालून सकाळी 'जमलं नाही'. तिसरं उत्तर आम्ही फार वेळा बघतो.

आता कुंपणाचं. तुम्ही वर्गात भागाकार घातल्यावर ताळा करायला लावत असालच. भागाकार करताना पोराची बोटं झिजली तरी ताळा दोन मिनिटांचा, भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, आला भाज्य की झालं. पोराने उत्तर स्वतः काढलं की शेजाऱ्याचं बघून लिहिलं याच्याशी ताळ्याला देणंघेणं नाही. इथेही अगदी तेच करतात. पुरावा शोधणारा प्रोग्राम प्रचंड, लाखो ओळींचा, गुंतागुंतीचा, त्याच्यावर विश्वास ठेवायचाच नाही. त्याने फक्त पुरावा पायऱ्या पायऱ्यांनी लिहून द्यायचा आणि तो तपासायला एक छोटासा प्रोग्राम ठेवायचा जो माणूस बसून वाचू शकेल. एचओएल लाइट म्हणून एक टूल आहे त्याचा हा गाभा काही शे ओळींचाच आहे, आणि ते बनवणारे जॉन हॅरिसन पुढे इंटेलमधेच प्रोसेसरच्या दशांश गणिताचे पुरावे करत होते, म्हणजे नाइसलींचा खडा असा कारणी लागला म्हणायचं.

कुंपण शेत खात नाही याचा एक पुरावा मला फार आवडतो. फ्रान्समधे झेविअर लरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्पसर्ट नावाचा सी भाषेचा कंपायलर लिहिला, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आणि उतरवताना तो अर्थ बदलत नाही हे पुरावे तपासणाऱ्या कॉक या टूलमधे सिद्ध केलं. मग अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या मंडळींनी एक प्रोग्राम बनवला जो आपोआप वेडेवाकडे सी प्रोग्राम तयार करून कंपायलरांच्या तोंडावर फेकतो. २०११ मधे त्यांनी छापलं की नावाजलेल्या कंपायलरांत मिळून ३२५ च्या वर नव्या चुका सापडल्या. कॉम्पसर्टमधे पण सापडल्या, पण कुठे, तर ज्या भागाचा पुरावा केलेला नव्हता तिथे. पुरावा केलेल्या मधल्या भागावर त्यांनी कॉम्प्युटरची सहा वर्षं भरतील एवढा वेळ खर्च केला आणि हाती काही लागलं नाही.

तरीही सर, एक फट राहतेच. ताळा तुम्ही फळ्यावरच्या गणिताचा करता, पण फळ्यावर गणितच चुकीचं उतरवलं असेल तर ताळा बरोबर येऊनही मार्क शून्य. त्याबद्दल खाली नागपूरच्या पत्राला उत्तर देताना बोलते, माझंच उदाहरण आहे, लाज वाटण्यासारखं.

हिंजवडीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. आमचा मॅनेजर कुठल्यातरी कॉन्फरन्सवरून आला आणि आता म्हणतो आपलं सगळं कोड फॉर्मली व्हेरिफाय करायचं. आमचं अॅप किराणा घरपोच देण्याचं आहे. त्याला काय सांगू?

त्याला एसईएल४ चे आकडे दाखवा. ऑस्ट्रेलियात २००९ मधे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा पूर्ण पुरावा झाला. कोड सी मधे सुमारे ८,७०० ओळी, पुरावा सुमारे २ लाख ओळी, आणि सगळं मिळून २० मनुष्यवर्षांच्या आसपास काम. तुमच्या अॅपमधे ८,७०० ओळी तर नुसत्या ऑफरच्या बॅनरला असतील. विमानात, पेसमेकरमधे, लष्करी ड्रोनमधे हा खर्च परवडतो, कोथिंबिरीच्या जुडीला नाही परवडत.

पण मॅनेजरला अगदीच वाटेला लावू नका, त्याच्या बोलण्यात चार आणे तथ्य आहे. कोडचा पुरावा सोडून द्या, डिझाइनचा तेवढा करा. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस नावाची एक भाषा आहे, तिच्यात तुम्ही सिस्टिमच्या अवस्था आणि कशातून कशात जाता येतं एवढंच लिहायचं, आणि टूल सगळ्या शक्य वाटा फिरून येतं. अॅमेझॉनवाले हे वापरतात, त्यांनीच २०१५ मधे लिहिलंय की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डिझाइनमधे एक डेटा घालवणारी चूक अशी निघाली की तिच्यापर्यंत पोचायला कमीत कमी ३५ पायऱ्या लागतात. डिझाइन रिव्ह्यू झालेले, कोड रिव्ह्यू झालेले, टेस्टिंग झालेलं, सगळ्यांच्या हातून ती सुटली होती. ३५ पायऱ्यांचा घोळ मीटिंगमधे बसून कोणाच्या डोक्यात येणार सांगा. तुमच्याकडे ग्राहकाने कॅन्सल दाबलं, त्याच क्षणी बँकेकडून पैसे आल्याचा निरोप आला, त्याच क्षणी दुकानदाराने 'माल संपला' केलं, असं होत असेलच ना? पैसे कापले पण ऑर्डर नाही, ही अवस्था कधीच येऊ नये, हे एक वाक्य लिहा आणि टूलला शोधू द्या. दोनचार दिवसांचं काम आहे. लॉगिन पेज, बॅनर, नोटिफिकेशन वगैरेचं नेहमीसारखं टेस्टिंग करा.

आणि आमचं कोड साधं आहे असं कोणी म्हणालं तर बायनरी सर्चची गोष्ट सांगा. क्रमाने लावलेली यादी मधोमध तोडत तोडत हवं ते शोधायचं, पहिल्या सेमिस्टरला शिकवतात तो. जावा भाषेच्या तयार कोडच्या लायब्ररीत जवळजवळ नऊ वर्षं तो चुकीचा बसून होता, ज्यांनी तो लिहिला त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मधे जाहीर सांगितलं. मधला क्रमांक काढायला खालचा आणि वरचा मिळवून दोनने भागायचं, पण यादी १०७ कोटींच्या पलीकडे गेली की ती बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि उणे होऊन बसते. खालच्यात दोघांच्या फरकाचा अर्धा मिळवला की झालं, पण आधी सुचायला पाहिजे ना.

आता कोड एआय लिहितं, मग पुरावे पण तेच लिहील. तुमच्या लोकांचं कसं होणार? (सोलापूर)

लिहू दे की. पुरावा कोणी लिहिला याला ताळ्यात किंमत नाही, वर अमरावतीच्या सरांना सांगितलंच. एआयने थाप मारली तर तपासणारा छोटा प्रोग्राम ती नाकारतो, आणि साध्या निबंधापेक्षा इथे एआय वापरायला मला म्हणूनच कमी भीती वाटते. काय सिद्ध करायचं ते वाक्य मात्र कोणीतरी जबाबदारीने लिहावं लागेल, तेवढ्यावर माझं निवृत्तीपर्यंत भागेल.

मुलगी पॅरिसला शिकते, ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोने रोज जाते. म्हणाली बाबा काळजी नको, हिचं सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध केलेलं आहे. खरं का हो? (ठाणे)

खरं आहे. निदान १४ नंबरच्या लाइनबद्दल तरी, ती ऑक्टोबर १९९८ मधे सुरू झाली. तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी मेथड या पद्धतीने केलं होतं, तिचे जनक जाँ-रेमों आब्रियाल. यात आधी गणितात लिहायचं की काय कधीच होऊ नये, मग पायरी पायरीने ते कोडपर्यंत उतरवत न्यायचं आणि प्रत्येक पायरीला आधीचं वाक्य मोडलं नाही ना याचा पुरावा द्यायचा. लाखाच्या वर ओळी बी मधे होत्या आणि त्यातून ८६,००० ओळींचं एडा भाषेतलं कोड निघालं. पुरावे पूर्ण झाल्यावर पुढच्या टेस्टिंगमधे त्या कोडमधे चूक निघाली नाही. पण लक्षात घ्या, सिद्ध झालंय ते दोन गाड्यांमधलं अंतर, ब्रेक, दारं या सुरक्षेच्या भागाबद्दल. गाडी वेळेवर येईल असं कोणी सिद्ध केलेलं नाहीये, त्यामुळे लेक उशिरा पोचली तर ते कारण चालणार नाही.

ताई, नागपूरला ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका चिप कंपनीची व्हेरिफिकेशनची ऑफर आलीये. मामा म्हणतात डिझाइनवाले चिप बनवतात आणि व्हेरिफिकेशनवाले नुसत्या चुका काढतात, दुय्यम काम आहे. घेऊ का?

अगं, मी जिथे जिथे काम केलं तिथे डिझाइनपेक्षा व्हेरिफिकेशनला माणसं जास्त होती, त्यामुळे दुय्यम वगैरे मामांना राहू दे. पण चुका काढणं हे काम नाहीये, प्रश्न नीट विचारणं हे काम आहे, आणि ते मी कसं शिकले ते सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एक आर्बिटर दिला होता, म्हणजे चार जणांनी एकदम मेमरी मागितली तर कोणाला आधी द्यायची ते ठरवणारं सर्किट. मी प्रॉपर्टी लिहिल्या, म्हणजे सर्किटबद्दल नेहमी खरी असायला हवीत अशी वाक्यं, रिक्वेस्ट (मागणी) आली की आठ क्लॉकच्या (सर्किटच्या ठोक्यांच्या) आत ग्रँट (परवानगी) मिळालाच पाहिजे वगैरे वगैरे, आणि बाहेरून काय काय येणार नाही याची गृहीतकं टाकली, असम्प्शन म्हणतात आमच्यात. टूल लावलं, चहा पिऊन येईपर्यंत सगळं हिरवं. मी खूश, सगळ्यांना मेल टाकला. सीनियर आले आणि एवढंच म्हणाले, एक कव्हर लाव बघू, रिक्वेस्ट येते का. कव्हर म्हणजे अमुक गोष्ट कधी घडू तरी शकते का हे टूलला विचारणं. लावला. टूल म्हणालं, या गृहीतकांखाली रिक्वेस्ट कधीच येऊ शकत नाही! माझी दोन गृहीतकं एकमेकींच्या आड येत होती, त्यामुळे रिक्वेस्टच बंद झाली होती आणि रिक्वेस्ट येतच नसेल तर आठ काय एका क्लॉकमधे ग्रँट मिळतो हेही खरंच. माझ्या गच्चीवर आलेला प्रत्येक वाघ शाकाहारी असतो, तशातलं. गृहीतक काढलं तर पाच मिनिटांत खरी चूक समोर, चौथा मागणारा उपाशी राहत होता. चिप बाहेर गेली असती तर काय झालं असतं ते सांगत नाही, सगळ्यांना पाठवलेला तो मेल मागे घेताना काय वाटलं तेवढं आठवतं.

हे फक्त माझंच होतं असं नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत फुटलं. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटी आकडा १६ बिटांत कोंबायला गेले आणि तो मावला नाही. कोड एरियन ४ मधून जसंच्या तसं उचललेलं होतं, आणि एरियन ४ ज्या वाटेने वर जायचं त्या वाटेवर तो आकडा कधीच एवढा व्हायचा नाही, म्हणून ती तपासणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण होतं, तिघांना नव्हतं. मुख्य आणि राखीव दोन्ही कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर, दोन्ही एकाच कारणाने पडले. कहर म्हणजे तो भाग उड्डाणानंतर एरियन ५ ला लागतच नव्हता. जुन्या रॉकेटवर गृहीतक खरं होतं, नव्यावर ते तपासून बघायचं राहून गेलं.

आणि जानेवारी २०१८ मधे स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली फट जाहीर झाली, प्रोसेसर उत्तर बरोबर द्यायचा पण उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून दुसऱ्याची गुपितं काढता यायची. उत्तर बरोबर आहे का हे लोकांनी वर्षानुवर्षं सिद्ध केलं होतं, वेळेबद्दलचं वाक्यच त्यात नव्हतं.

तर ऑफर घे. सिस्टिमव्हेरिलॉग या चिप लिहायच्या भाषेतली असर्शन्स (प्रॉपर्टी लिहायची वाक्यं) आत्तापासून शिकायला लाग, सिम्बीयोसिस (SymbiYosys) नावाचं फुकट टूल आहे, हॉस्टेलच्या लॅपटॉपवर चालतं, त्यात एक साधा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर काढणारी रांग) घे आणि भरलेल्यात लिहिलं जात नाही, रिकाम्यातून वाचलं जात नाही एवढं सिद्ध करून बघ. आणि पुढे संशोधनात जावंसं वाटलं तर फार लांब जायला नको, आयआयटी मुंबईत या विषयाचं काम आहे, पुण्यात टीसीएसच्या संशोधन विभागाने बनवलेलं व्हेरिअॅब्स हे टूल सॉफ्टवेअर तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिलं आलेलं आहे. मामांना हे सांग. आणि प्रत्येक प्रॉपर्टीबरोबर कव्हर लिहायची सवय लावून घे.

जाता जाता एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बहुतेक सगळ्या चुका टेस्टिंगमधेच सापडतात. कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलंय, ज्या सापडल्याच नाहीत त्या तुम्ही मोजल्या कशा? मोजल्या नव्हत्या. वाक्य मागे घेते.